सात पिनांनी हुकलेली फेरी: दारव्हा तालुक्यातून आंतरराष्ट्रीय क्रमवारी स्पर्धेपर्यंत

सहा गेमची बेरीज ११२१. पुढच्या फेरीत सगळ्यात शेवटी जागा मिळालेल्या खेळाडूची बेरीज ११२८. फरक सात पिनांचा. टेनपिन बोलिंग म्हणजे लेन नावाच्या लांब, गुळगुळीत मार्गावरून जड बॉल सोडून टोकाला त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना पाडायचा खेळ; एका गेममध्ये दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या, आणि दर फ्रेमला सहसा दोन बॉल. त्यात एकटी उरलेली पिन दुसऱ्या बॉलला पडली नाही, तर साधारण दहा-अकरा पिनांचा फटका बसतो. म्हणजे कुठल्याही एका साध्या फ्रेममध्ये ही फेरी हातातून गेली. ती कशी गेली आणि पुढच्या वेळी काय करायचं, याचा हा हिशेब आहे. खेळाडू आणि तिचे स्कोअर नमुन्यादाखल घेतले आहेत; मोजमापं, नियम आणि कारणं खेळातली आहेत तशीच आहेत.

खेळाडू २३ वर्षांची, उजव्या हाताची. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, घरी कोरडवाहू शेती: कापूस, तूर, सोयाबीन. शिक्षणासाठी बंगळुरूला असताना चार वर्षं खेळली, तिथली सरासरी १८५ च्या आसपास. शिक्षण आटोपून गावी परतली आणि लेन सुटली. जवळची लेन म्हणजे नागपूरचं मनोरंजन केंद्र; एकट्या यवतमाळहूनच नागपूर दीडशे किलोमीटर, गावाहून त्याहून जास्त. आग्नेय आशियात जानेवारीत होणाऱ्या एका खुल्या क्रमवारी स्पर्धेत नाव दिलं, तेव्हा हातात बारा आठवडे होते. महिन्यातून दोनदा नागपूर, दर खेपेला दोन दिवस, दिवसाला आठ ते दहा गेम, एवढंच जमणार होतं.

आपल्याकडे या खेळाचा नकाशा फार लहान आहे. राष्ट्रीय पातळीवर ज्यांची नावं सारखी दिसतात ते तमिळनाडूचा शबीर धनकोट, दिल्लीचा ध्रुव सरडा, कर्नाटकचा आकाश अशोक कुमार, सगळे मोठ्या शहरांच्या लेनवर घडलेले. जागतिक संघटना १९५२ पासूनची आहे, आज ती इंटरनॅशनल बोलिंग फेडरेशन म्हणून ओळखली जाते. आशियाई खेळांत बोलिंग पहिल्यांदा आलं ते १९७८ ला बँकॉकमध्ये, आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ते प्रदर्शनीय खेळ म्हणून झालं. पण देशाच्या संघात निवड होण्याची वाट न पाहता स्वतःच्या खर्चानं जगातल्या चांगल्या खेळाडूंसोबत खेळायचं, तर खुल्या क्रमवारी स्पर्धा हाच रस्ता आहे.

या स्पर्धांची घडण समजून घेतली नाही तर तयारीच चुकीची होते. अंतिम क्रमांकानुसार गुण मिळतात आणि ते गुण ठरावीक काळाच्या क्रमवारीत जमा होतात. युरोपीय टूरवर स्पर्धांना सॅटेलाइट, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम असे दर्जे आहेत. दर्जा वरचा, तसे गुण जास्त. तिथे स्त्री-पुरुष एकाच यादीत खेळतात आणि महिलांना दर गेमला ८ पिन जादा मिळतात. या खेळाडूच्या स्पर्धेत महिला गट वेगळा होता, त्यामुळे जादा पिन नव्हत्या. पात्रता बहुतेक ठिकाणी सहा गेमची असते. पुन्हा पैसे भरून पुन्हा सहा गेम खेळता येतात आणि त्यातली सर्वांत चांगली बेरीज धरतात. पुनर्प्रवेशाची ही सोय ज्यांचं घर जवळ आहे आणि खिसा जड आहे त्यांच्या कामाची. गावाहून निघालेल्या खेळाडूच्या हातात एक, फार तर दोन प्रयत्न असतात. म्हणून तिची तयारी "एखादा गेम २४० चा लागेल" या आशेवर उभी राहू शकत नाही. वाईट गेमसुद्धा १७० च्या खाली जाऊ नये, या बाजूनं ती करावी लागते.

आकड्यात सांगायचं तर: पहिल्याच बॉलला दहाही पिना पडल्या तर स्ट्राइक, उरलेल्या दुसऱ्या बॉलला पडल्या तर स्पेअर; स्ट्राइकला पुढच्या दोन बॉलच्या आणि स्पेअरला पुढच्या एका बॉलच्या पिना जादा धरतात. एकही स्ट्राइक न मारता प्रत्येक फ्रेममध्ये नऊ पिन आणि मग स्पेअर, असे दहा फ्रेम खेळले तर गेम १९० चा होतो. असे सहा गेम म्हणजे ११४०. पुढच्या फेरीची रेषा होती ११२८.

गोदामातली लेन

लेन नाही म्हणून बारा आठवडे बसून राहायचं कारण नाही. खेळाचा निम्म्याहून जास्त भाग फाउल लाइनच्या, म्हणजे बॉल सोडताना पाय ओलांडू नये त्या रेषेच्या, अलीकडे घडतो, आणि तो गावातही करता येतो. या प्रकरणात रिकामं असलेलं गोदाम मिळालं, सिमेंटची सपाट फरशी असलेलं. खडूनं फाउल लाइन ओढली, मागे अप्रोचसाठी, म्हणजे पावलं टाकत येण्याच्या जागेसाठी, १५ फूट सोडले. नियमाप्रमाणे अप्रोच किमान तेवढाच असतो. शेवटचं पाऊल घसरत यावं लागतं, सिमेंटवर ते अडकतं आणि गुडघ्याला झटका बसतो. त्यासाठी सनमायका लावलेला ८ बाय ४ फुटांचा प्लायवूड रेषेच्या अलीकडे अंथरला. त्यावर पावडर टाकायची नाही. पावडरवर घसरायची सवय झाली की खऱ्या अप्रोचवर पाय चिकटतो, आणि तिथे पावडर टाकायला परवानगी नसते.

रेषेच्या पुढे गोठ्यात जनावरांखाली टाकतात ती जाड रबरी मॅट. सहा-सात किलोचा बॉल सिमेंटवर आदळला तर त्याच्या कवचाला तडा जातो, म्हणून मॅटशिवाय एकही बॉल टाकायचा नाही. मॅट संपली की सोयाबीनच्या कुटारानं अर्धवट भरलेली पोती, एकमेकांना टेकवून. गच्च भरलेलं पोतं बॉलला मागे उसळवतं, अर्धं भरलेलं पोटात घेतं.

आता लेनची रुंदी. लेन ४१.५ इंच म्हणजे १०५ सेंटिमीटर रुंद असते आणि तिच्यात ३९ पट्ट्या असतात, म्हणजे एक पट्टी साधारण २.७ सेंटिमीटरची. दर पाच पट्ट्यांवर नेम धरायला बाण असतो. गोदामात फाउल लाइनपासून १५ फुटांवर ही रुंदी मोजून दर साडेतेरा सेंटिमीटरला चुन्याची खूण केली की सातही बाण तयार. बॉल कोणत्या खुणेवरून गेला ते मोठा भाऊ वहीत टिपत होता. इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती या वहीतच: आठवड्याच्या तीनशे बॉलच्या नोंदींत अडीचशेहून जास्त बॉल स्ट्राइकच्या रेषेवरचे होते. कोपऱ्यातल्या पिनेसाठी तिरका टाकलेला बॉल आठवड्याला वीससुद्धा नव्हता.

याचं कारण समजण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमॉन्टीला दोन हातांनी बॉल फिरवताना पाहिलं की प्रत्येकाला तो फिरवाच हवासा वाटतो. पण आठवड्यातून एकदाही लेन न मिळणाऱ्याला आधी हवी ती दहावी पिन.

दहावी पिन इतकी अवघड का

उजव्या हाताच्या खेळाडूचा चांगला बॉल पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत, म्हणजे पॉकेटमध्ये शिरतो. तरीही सगळ्यात जास्त वेळा उभी राहते ती मागच्या रांगेतली उजव्या टोकाची दहावी. पिनांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १२ इंच. त्यामुळे दहावी पिन लेनच्या मध्यरेषेपासून १८ इंच उजवीकडे येते आणि गटरच्या, म्हणजे लेनच्या कडेच्या नालीच्या, काठापासून पावणेतीन इंचांवर उभी असते. बॉलचा व्यास साडेआठ इंच, पिनेचा सगळ्यात फुगीर भाग पावणेपाच इंच. लेनच्या मधोमध उभ्या असलेल्या पिनेला बॉलचा मध्य सव्वातेरा इंचांच्या पट्ट्यात कुठेही असला तरी चालतो. दहाव्या पिनेला उजवीकडची बाजू गटरनं कापलेली असते, तिथे हा पट्टा जेमतेम ९.४ इंचांचा उरतो. ६० फुटांवरचे हे ९.४ इंच १५ फुटांवरच्या बाणांवर आणून मोजले तर सव्वादोन पट्ट्या भरतात. म्हणजे सहा सेंटिमीटर. गोदामात दोन विटा सहा सेंटिमीटरच्या फटीवर ठेवल्या तर बॉल मधून जाणार नाही हे उघड आहे. म्हणून विटा नाहीत, चुन्याच्या दोन रेषा काढायच्या आणि बॉल जिथे मॅटला टेकतो तो पुसट माग त्यांच्यामध्ये पडला का ते पाहायचं.

पण अचूकपणा हा अर्धाच भाग झाला. बॉल सरळ गेला पाहिजे. स्ट्राइकचा बॉल रिअॅक्टिव्ह रेझिनचा असतो. त्याचं कवच तेलविरहित लेनला धरतं आणि बॉल वळतो. स्पेअरसाठी पॉलिएस्टरचा, म्हणजे साधा प्लास्टिकचा बॉल वापरतात, तो तेल असो नसो, जवळपास सरळ जातो. या खेळाडूकडे असा बॉल होता. तो स्पर्धेला गेलाच नाही.

तराजूवरचा निर्णय

तिचे तिन्ही बॉल १५ पौंडांचे, म्हणजे प्रत्येकी ६.८ किलो. नागपूरहून निघणाऱ्या देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा १५ किलो. दोन बॉलचे १३.६ किलो झाले, चाकाच्या बॅगेचं वजन धरलं की मर्यादा ओलांडलीच होती, शूज हातात घेऊन ते कसंबसं बसलं. तिसऱ्या बॉलसाठी जादा भाडं भरावं लागलं असतं. ते वाचवायचं म्हणून प्लास्टिकचा बॉल घरी राहिला आणि दोन रिअॅक्टिव्ह बॉल गेले. त्या दोघांतला फरक फार थोडा होता, दोन्ही जोरात वळणारे.

हाच या प्रकरणातला सगळ्यात महाग निर्णय ठरला. पुढे दुसऱ्या प्रवेशाची जी फी भरावी लागली, ती जादा सामानाच्या भाड्याहून जास्त होती.

बरोबर बांधणी अशी झाली असती: एक रिअॅक्टिव्ह १५ पौंडांचा, ६.८ किलो, एक प्लास्टिकचा १४ पौंडांचा, ६.३५ किलो, मिळून १३.१५. चाकाची जड बॅग सोडून जाड कापडी पिशवी, आत प्रत्येक बॉलला जुन्या गादीतल्या कापसाचं वेष्टण. शूज, टेप, टॉवेल केबिनच्या पिशवीत. स्पेअरचा बॉल एक पौंड हलका असल्यानं एकट्या पिनेला काही फरक पडत नाही. आणि दोन सारखेच बॉल नेण्यापेक्षा एक वळणारा, एक सरळ ही जोडी नेहमी चांगली.

पहिला प्रवेश: १०५७

लेनवर फाउल लाइनपासून काही लांबीपर्यंत तेल लावतात; कुठे किती तेल, हा नकाशा स्पर्धेत आधी ठरवून लावलेला असतो. इथे तेल ४२ फुटांपर्यंत होतं. या कामाला एक सोपा अंदाज आहे: तेलाच्या लांबीतून ३१ वजा करा, जी पट्टी येईल तिच्या आसपास बॉल वळायला लागला पाहिजे. ४२ वजा ३१ म्हणजे उजवीकडून ११ वी पट्टी. हे तिनं बरोबर वाचलं. पहिला गेम २०३.

नागपूरच्या लेनवर तेल असलंच तर मध्यभागी असतं आणि दोन्ही कडा कोरड्या. असा नकाशा चूक झाकतो: बॉल बाहेर गेला तरी कोरडी कड त्याला आत ओढून आणते, आत राहिला तर मधलं तेल त्याला सरळ नेतं. स्पर्धेच्या नकाशात कडेलाही तेल बऱ्यापैकी असतं, मध्य आणि कड यांतला फरक थोडा. तिथे झाकायला कोणी नाही.

पुढचे गेम १८७, १७१, १५१, १६६, १७९. एकूण १०५७. चौथा गेम फ्रेम-फ्रेमनं पाहू, कारण सगळं दुखणं त्यात दिसतं.

पहिली फ्रेम स्ट्राइक. दुसरीत नऊ आणि स्पेअर. तिसरीत बॉल पहिल्या पिनेवर भरून लागला, स्प्लिट, म्हणजे उरलेल्या पिना एकमेकींपासून दूर, आठ आणि एक. चौथीत नऊ, दहावी उभी, दुसरा बॉल तिच्या डावीकडून निघून गेला. पाचवी स्ट्राइक. सहावीत परत नऊ, परत दहावी, परत डावीकडून. सातवीत नऊ आणि स्पेअर. आठवीत पुन्हा स्प्लिट, आठ आणि एक. नववी स्ट्राइक. दहावीत नऊ, स्पेअर आणि शेवटचा स्ट्राइक. बेरीज १५१.

चौथ्या आणि सहाव्या फ्रेममधल्या त्या दोन दहाव्या पिना पडल्या असत्या तर? चौथी फ्रेम ९ ऐवजी २०, कारण पुढे स्ट्राइक आहे. पाचवीतला स्ट्राइक १९ ऐवजी २०. सहावी ९ ऐवजी १९. अधिक २२. गेम १७३ चा. स्प्लिट जशा आहेत तशाच ठेवून.

सहा गेममध्ये एकट्या पिना आठ चुकल्या, त्यातल्या सहा दहाव्या. आठ गुणिले अकरा धरले तर ८८ पिन. १०५७ चे ११४५ होतात. रेषा ११२८.

यात लक्ष देण्यासारखी गोष्ट म्हणजे चुका दोन्ही बाजूंना झाल्या. पहिल्या दोन गेममध्ये दहाव्या पिनेसाठीचा बॉल उजव्या गटरमध्ये पडला, नंतरच्या गेममध्ये पिनेच्या डावीकडून गेला. नागपूरच्या कोरड्या कडेवर तिचा रिअॅक्टिव्ह बॉल शेवटी डावीकडे वळायचा, म्हणून ती सवयीनं जास्त उजवीकडे रोखायची. इथे सुरुवातीला कडेला तेल होतं, बॉल वळलाच नाही, घसरत गटरमध्ये गेला. तिनं रोख डावीकडे घेतला. तोवर इतरांच्या बॉलनी तेल उडवलं होतं, बॉल वळायला लागला आणि आता डावीकडे चुकला. वळणारा बॉल स्पेअरला वापरला की लेन बदलेल तसं दर गेमला नवं गणित मांडावं लागतं. सरळ बॉलला ते मांडावं लागत नाही.

स्प्लिटचं कारणही तेच, उडालेलं तेल. उजव्या हाताचे बहुतेक खेळाडू त्याच चार-पाच पट्ट्यांवरून बॉल टाकतात, तिथलं तेल बॉलच्या कवचावर चढून निघून जातं. मग बॉल लवकर वळतो आणि पॉकेटऐवजी पहिल्या पिनेच्या तोंडावर बसतो. अशा वेळी जोर वाढवून उपयोग नाही. पाय दोन पट्ट्या डावीकडे, रोख एक पट्टी डावीकडे, आणि दोन बॉलनंतर पुन्हा पाहायचं. जोडीतल्या दोन लेन सारख्या नसतात, फ्रेमगणिक लेन बदलते, म्हणून डाव्या आणि उजव्या लेनची जागा वेगळी लक्षात ठेवायची. ती तीन गेम त्याच जागेवरून टाकत राहिली.

उभी राहिलेली दहावी काही सांगत असते, तेही इथे निसटलं. सहावी पिन, म्हणजे दहावीच्या पुढच्या रांगेतली उजव्या टोकाची, दहाव्या पिनेच्या मानेभोवतून जोरात फिरून गेली, तर बॉल चांगला होता, नशीब आडवं आलं, फार तर अर्धी पट्टी सरका. सहावी गटरमध्ये मलूल पडून राहिली, तर बॉलमध्ये शेवटी जीव उरला नव्हता, तेव्हा जागा किंवा वेग बदलायलाच हवा. वहीत "दहावी उरली" एवढं लिहून भागत नाही. सहावीनं काय केलं ते लिहायचं.

रात्री गावी फोन झाला. वही भावाकडे होती, त्यामुळे प्रश्नही त्यानंच विचारले.

"दादा, बॉल ऐकूनच नाही राह्यला."

"ऐकून नाही राह्यला म्हंजे? कोन्या बाजूनं जाऊन राह्यला?"

"पयले उजव्या, मंग डाव्या."

"दोन्हीकून? मंग हात नाही चुकून राह्यला तुया. बॉल वयून राह्यला. रोख नको सरकवू, बॉल सरळ कर."

त्याला लेन कधी पाहायला मिळाली नव्हती, पण हजारो बॉलच्या खुणा टिपल्या होत्या. एकाच हाताची चूक सहसा एकाच बाजूला होते, हे त्याला वहीनं शिकवलं होतं.

दुसरा प्रवेश: ११२१

दुसऱ्या दिवशी दहाव्या पिनेसाठी तिनं बोटांची फिरकी काढून टाकली: मनगट मागे झुकवलेलं, तळवा पेटी उचलतो तसा बाजूला, अंगठा आणि बोटं जवळपास एकदम बाहेर, आणि वेग जास्त. रिअॅक्टिव्ह बॉलही असा टाकला तर बराच सरळ जातो. प्लास्टिकच्या बॉलइतका नाही, पण सात दहाव्या पिनांतल्या पाच पडल्या. केंद्रातले भाड्याचे बॉल बहुधा प्लास्टिकचेच असतात. स्पर्धेचे नियम परवानगी देत असतील तर त्यातला हाताला बसणारा एखादा मागून घेणं हाही मार्ग होता. तो आदल्या दिवशीच विचारून ठेवायला हवा होता.

लेन बदलली तसे पायही सरकवले. गेम झाले १९२, २०१, १८३, १७८, १७६, १९१.

मग चौथा-पाचवा गेम पुन्हा का पडला? या वेळी कारण अंगठा. हिवाळ्यात विदर्भातली हवा कोरडी, सकाळी बोटं आकसलेली. तिथली हवा दमट, आणि तीन गेमनंतर अंगठा फुगतो. अंगठ्याच्या भोकात बसवलेल्या टेपच्या पट्ट्या घरच्या मापानं चार होत्या. अंगठा अडकून उशिरा सुटायला लागला, बॉल रेषेच्या पुढे उचलला जाऊन डावीकडे ओढला गेला. तिला वाटलं लेन आणखी कोरडी झाली, म्हणून ती आणखी डावीकडे सरकली. पाचव्या गेमनंतर टेपची एक पट्टी काढली, सहावा गेम १९१. ही पट्टी तिसऱ्या गेमनंतर निघायला हवी होती. ओळखायची खूण सोपी आहे: बॉल सुटताना टक असा आवाज येतो, किंवा अंगठ्याच्या मागच्या बाजूला लाल रेघ उमटते. तसं झालं की लेनला दोष देण्याआधी टेप पाहायची.

हाताचं आणखी एक. ऑक्टोबर ते डिसेंबर ही वेचणीची वेळ. कापसाच्या बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला आणि बोटांच्या पेरांवर बारीक चिरे पाडतात. बॉलची पकड नेमकी त्याच पेरांवर असते. घरात हात कमी असताना वेचणी टाळा असं सांगणं सोपं आहे, करणं सोपं नाही. पण निघण्याआधीचे दहा दिवस तरी उजव्या हाताची मधली दोन बोटं आणि अंगठा कापडी पट्टीनं झाकूनच शेतात जायचं. फवारणीचा पंप उजव्या खांद्यावर टाकायचा नाही.

बुटांची गोष्ट थोडक्यात: दमट हवेत अप्रोच चिकट होतो, म्हणून बदलता येणाऱ्या तळव्यांपैकी जास्त घसरणारा एक सोबत असावा. तळवा ओल्या फरशीला, स्वच्छतागृहाच्या दाराशीसुद्धा, लागता कामा नये. वरून कापडी आवरण घालूनच फिरायचं.

पुढच्या बारा आठवड्यांचं वेळापत्रक

दिवसाला साठ बॉल, त्यातले तीस दहाव्या पिनेचे, सगळे प्लास्टिकच्या बॉलनं. पंधरा सातव्या पिनेचे, डाव्या कोपऱ्यातल्या. स्ट्राइकच्या रेषेवर पंधराच. उरलेल्या स्पेअरसाठी तीन-सहा-नऊची पद्धत: बाणावरचा रोख तोच ठेवायचा आणि पिन पहिल्या पिनेपासून जितके घर डावीकडे, तितक्या वेळा पाय तीन पट्ट्या उजवीकडे न्यायचे. अप्रोचच्या सुरुवातीला पाय तीन पट्ट्या सरकले की पिनांपाशी बॉल साधारण पाच पट्ट्या उलट बाजूला जातो, आणि दोन शेजारच्या पिनांमधलं आडवं अंतर सहा इंच, म्हणजे साधारण साडेपाच पट्ट्या. म्हणून ही पद्धत चालते. गोदामात ती पायांपुरती पूर्ण बसवता येते.

नागपूरच्या खेपा स्ट्राइकवर खर्च करायच्या, पण वेगळ्या पद्धतीनं. तिथे तेल कमी असतं, तर त्याचाच उपयोग करायचा: उडालेल्या तेलाची लेन म्हणजे स्पर्धेतला पाचवा-सहावा गेम. दर दोन गेमनंतर जागा मुद्दाम बदलायची, कधी दुसऱ्या बाणावरून, कधी चौथ्या बाणावरून, आणि प्रत्येक जागेवरून पॉकेट शोधायचं. एका जागेवरून दोनशे वीसचा गेम झाला तरी त्या जागेवर रमायचं नाही. पिना दोरीला बांधलेल्या असतील तर स्ट्राइक मोजायचे नाहीत, कारण दोरी पिनेची घरंगळ अडवते. बॉल पॉकेटला लागला का, एवढंच लिहायचं.

उन्हाळ्यात बॉल टिनाच्या खोलीत ठेवायचे नाहीत. मे महिन्यात टिनाखाली कवच ताणतं आणि बोटांच्या दोन भोकांमधल्या अरुंद जागेत तडा जातो. मातीच्या भिंतींची आतली खोली, जमिनीवर गोणपाट, भोकं वर. रिअॅक्टिव्ह बॉलमध्ये मुरलेलं तेल काढायला काही जण तो उन्हात ठेवतात, तेही नको; एक बाजू तापते, दुसरी थंड राहते. भोकांवर टेप लावून, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून वीस मिनिटं, मग पुसून सावलीत.

वहीला आता दोन नवे रकाने आहेत. एक, सहावी पिन फिरून गेली की मलूल पडली. दुसरा, अंगठ्याच्या भोकात त्या वेळी टेपच्या किती पट्ट्या होत्या. आणि भावाची एक अट: चुन्याच्या दोन रेषांमधून तीस बॉलपैकी सत्तावीस गेले, तरच त्या आठवड्याची नागपूरची बस.